आईच्या दोन दाढा: इम्प्लांट, ब्रिज, की आहे तसंच?

प्रश्न थोडक्यात असा. आई ६३ वर्षांची, राहते डिचोलीला. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा सहा-सात वर्षांपूर्वी काढल्या, त्या बाजूला अक्कलदाढ नाही. मधुमेह आहे, मागच्या रिपोर्टात एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६. अ‍ॅस्पिरिनची गोळी रोज चालू. शिवाय ‘हाडं ठिसूळ झालीत म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देतात’. एका डॉक्टरांनी दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सांगितले, दुसऱ्यांनी ब्रिज सुचवला, तिसरीकडे तीन दिवसांत पक्के दात देतो म्हणाले. लेकीने विचारलंय, कोणाचं ऐकावं आणि कुठल्या कंपनीचं इम्प्लांट चांगलं?

कंपनीचं शेवटी बघू. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण दाढा काढाव्या का लागल्या ते लिहिलं नाहीत, आणि माझ्या लेखी पहिला प्रश्न तोच आहे. आईला विचारा. दाढ किडून ठणकत होती, आरसीटीचा (रूट कॅनॉलचा) खर्च नको म्हणून काढून टाकली, असं असेल तर गोष्ट वेगळी. दाढ हलायला लागली, हिरडी सुजायची, ब्रश करताना रक्त यायचं आणि शेवटी दाढ जवळजवळ हातानेच निघाली, असं असेल तर अगदी वेगळी. दुसऱ्या प्रकारात हिरडीच्या आजाराने दाढेभोवतालचं हाड खाल्लेलं असतं, आणि तो आजार दाढेबरोबर निघून जात नाही. तो बाकीच्या दातांभोवती तसाच बसलेला असतो. अशा तोंडात महागातलं महाग इम्प्लांट बसवलं तरी ते दाढ गेली त्याच वाटेने जाण्याची शक्यता मोठी.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ‘इम्प्लांटला कीड लागत नाही’ एवढंच लोकांना सांगितलं जातं. ते खरंही आहे, धातूला कीड कुठून लागणार. पण खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. खाजन शेताला खाडीचा बांध जसा घट्ट धरून असतो, तशी ती हिरडी तोंडातले जंतू हाडापर्यंत जाऊ देत नाही. इम्प्लांटभोवती हे तंतू धातूत रुतत नाहीत, नुसते बाजूने टेकून उभे राहतात. म्हणजे बांध असतो, पण कच्चा. एकदा घाण आत शिरली की हाड झिजायला लागतं, आणि बहुतेकदा दुखत नाही. पेशंट येतो तेव्हा स्क्रूचे आटे दिसायला लागलेले असतात. सुरुवातीला नुसती हिरडी लाल झालेली असते, तेव्हा साफसफाईने ती पूर्ववत होऊ शकते. हाड एकदा गेलं की परत आणणं फार अवघड.

म्हणून दाढा हलून पडल्या असतील तर आधी हिरड्यांचे उपचार. मुळांपर्यंतची सफाई, दोन-तीन महिने थांबणं, पुन्हा तपासून रक्त यायचं थांबलंय का ते बघणं. त्याशिवाय जो इम्प्लांटची तारीख देतो त्याच्याकडे मी माझ्या आईला नेणार नाही.

आणखी एक गोष्ट आईला एकटीला, सुना-जावयांच्या समोर नव्हे, विचारा. ती मशेरी लावते का? गोव्यात आणि तळकोकणात त्या वयाच्या बऱ्याच बायका सकाळी मशेरी लावतात, आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीचा रक्तपुरवठा त्याने कमी होतो, जखम उशिरा भरते, आणि बाकीचे धोके आहेतच. विडी-सिगारेटीलाही तेच लागू. सोडली तर कामाचा निकाल चांगला लागतो, आणि नाही सोडली तर निदान डॉक्टरांना माहीत तरी हवं.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. वर्षातून एकदा सलाईन. तुम्ही ती सहज लिहिली आहे, आणि तिन्ही डॉक्टरांपैकी कोणी त्याबद्दल विचारल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ते औषध बहुधा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड असावं, पण अंदाजावर जाऊ नका, फाईल काढून नाव बघा. हाडांची झीज रोखणाऱ्या या गटातल्या औषधांमुळे, क्वचित, दात काढल्यानंतर किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरत नाही आणि जबड्याचं हाड आठ-आठ आठवडे उघडं पडून राहतं. त्याचे उपचार लांबतात आणि त्रासदायक असतात. कॅन्सरच्या रुग्णांना हेच औषध तीन-चार आठवड्यांनी मिळतं, तिथे धोका बराच मोठा, आणि अशा रुग्णाला मी इम्प्लांटचा विचारही करू देत नाही. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे ठिसूळ हाडांसाठी, वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम मिळतं, तिथे धोका खूप कमी असतो. त्यामुळे आईला इम्प्लांट वर्ज्य आहे असं मी म्हणत नाही. पण किती वर्षं औषध चालू आहे, बरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत का, मधुमेह किती आटोक्यात आहे, हे सगळं मिळून निर्णय व्हायला हवा, आणि तो दातांच्या डॉक्टरांनी सलाईन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला हवा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. हे वाचून एखादं वर्ष सलाईन चुकवू नका. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हाडात वर्षानुवर्षं राहतं, एक डोस टाळून जबडा काही मोकळा होत नाही. आणि ते औषध डेनोसुमॅब निघालं, म्हणजे सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, तर ते मनाने थांबवणं उलट धोक्याचं, मणक्याची हाडं मोडू शकतात. दोन दाढांसाठी कंबरडं मोडून घ्यायचं नसतं.

साखरेचं म्हणाल तर ८.६ वर मी काम करत नाही. माझी रेघ ७.५ ची. काही सहकारी ८ पर्यंत जातात, तेही चूक नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून चवथीतल्या नेवऱ्या लपत नाहीत. आईला तीन-चार महिने द्या. हिरड्यांचे उपचार त्याच काळात होतात, आणि हिरडी सुधारली की साखर आटोक्यात ठेवायलाही थोडी मदत होते. अ‍ॅस्पिरिनची मात्र काळजी करू नका. ती हृदयासाठी दिली असेल तर स्वतःहून बंद करायची नाही. एका-दोन इम्प्लांटचं रक्त दाबून आणि टाके घालून थांबतं.

आता तिघांच्या सल्ल्याकडे वळू. ब्रिज म्हणजे रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर कॅपांची जोडलेली रांग बसवायची. दोन्ही बाजूंचे. तुमच्या आईच्या शेवटच्या दोन दाढा गेल्यात आणि मागे अक्कलदाढ नाही. मग ब्रिजचं मागचं टोक टेकणार कशावर? पुढच्या दोन छोट्या दाढा घासून त्यांना मागे एक लटकती दाढ जोडता येते, काही जण तसं करतातही. पण चावण्याचा सर्वांत जास्त जोर मागे पडतो, आणि लटकत्या दाढेवर पडलेला प्रत्येक घास पुढच्या दातांना मागे खेचतो. पाच-सात वर्षांनी ते दोन चांगले दातही हलायला लागलेले मी पाहिलेत. मधली एखादी दाढ गेली असेल, बाजूच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल, तर ब्रिज हा उत्तम आणि स्वस्त उपाय आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. इथे तो बसत नाही, एवढंच.

दोन इम्प्लांट सांगणाऱ्या डॉक्टरांचं चुकलं असंही नाही. पण दोन लागतातच का, हे मी विचारलं असतं. नेदरलँड्समधले दंतवैद्य कायसर यांनी १९८१ मध्ये मांडलेलं निरीक्षण आजही कामाचं आहे. पुढचे सगळे दात आणि मागच्या चार जोड्या नीट भिडत असतील तर माणूस बऱ्यापैकी चावू शकतो, प्रत्येक गेलेली दाढ भरून काढलीच पाहिजे असं नाही. आईच्या उजव्या बाजूला सगळ्या दाढा आहेत का? ती उजव्या बाजूने आरामात जेवते का? तसं असेल तर डावीकडे फक्त पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी एक इम्प्लांट पुरेसं होऊ शकतं. शेवटच्या दाढेपर्यंत ब्रश नीट पोचत नाही आणि तिथे खर्च केलेल्या पैशाचा मोबदला सर्वांत कमी. आणि आईला काहीच अडचण जाणवत नसेल, तुम्हालाच ती पोकळी बघून वाईट वाटत असेल, तर काहीच न करणं हाही रीतसर उपाय आहे. वर्षातून एकदा तपासणी तेवढी करायची.

काही न करण्यात एक मेख आहे, तीही सांगतो. खालची दाढ गेली की वरच्या दाढेला समोर कोणी उरत नाही आणि ती हळूहळू खाली उतरते. सहा-सात वर्षांत आईची वरची दाढ किती उतरलीय ते बघावं लागेल. कॅपसाठी हिरडीपासून वरच्या दातापर्यंत साधारण सात-आठ मिलिमीटर जागा हवी. ती नसेल तर आधी वरची दाढ घासा, तिला कॅप बसवा, असा दुसराच खर्च निघतो, आणि तो पहिल्या अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही.

काढता-घालता येणारी अर्धी कवळी हा तिसरा मार्ग. खर्च फार कमी, शस्त्रक्रिया नाही. खरं सांगायचं तर एका बाजूच्या खालच्या दोन दाढांची कवळी बहुतेक बायका पहिला महिना घालतात आणि मग ती डबीत राहते. पण सलाईनचा आणि साखरेचा हिशेब जुळला नाही तर हाच मार्ग उरतो, आणि ज्यांनी चिकाटीने सवय केली ते नीट जेवतात.

इम्प्लांट करायचं ठरलंच तर साध्या एक्स-रेवर करू देऊ नका. सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन हवा. दाढ काढल्यावर हाड सर्वांत जास्त झिजतं ते पहिल्या वर्षात, आणि उंचीपेक्षा रुंदीने जास्त. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. वरून भरलेलं दिसणारं हाड आतून सुरीच्या पात्यासारखं निघू शकतं. मोठ्या दाढेच्या जागी चार-पाच मिलिमीटर जाडीचं इम्प्लांट बसवायचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड राहायला हवं, म्हणजे सात-आठ मिलिमीटर रुंदी. खाली जबड्याच्या आतून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर. डॉक्टरांना स्कॅनवर ही दोन मापं दाखवायला सांगा. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. आणि काम झाल्यावर भूल उतरूनही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी फोन करा. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर लगेच काढण्याने फरक पडतो.

प्रत्यक्ष काम लोक घाबरतात तितकं भयंकर नसतं. दाढ काढताना देतात तीच भूल, अर्धा-पाऊण तास. हाडात टप्प्याटप्प्याने भोक मोठं करतात आणि सतत थंड सलाईन सोडतात, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्या भागातल्या पेशी मरतात आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. नंतर दोन-तीन दिवस सूज, पेज आणि मऊ भात, आणि त्या बाजूने चावणं बंद.

मग वाट बघायची, आणि याच ठिकाणी ‘तीन दिवसांत दात’ची जाहिरात येते. टायटॅनियमला हाड चिकटतं हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सापडलं, तेही दातांचं काम करताना नव्हे. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघायला बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, ४० वर्षं, टिकले. त्या काळी खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने थांबायचे. आता पृष्ठभाग खरबरीत केलेल्या इम्प्लांटमुळे खालच्या जबड्यात दोन-तीन महिने पुरतात. त्याहून घाई का नको? बसवल्याबरोबर इम्प्लांट घट्ट असतं ते आट्यांच्या पकडीमुळे. पुढच्या काही आठवड्यांत दबलेलं जुनं हाड विरघळतं आणि नवं यायला वेळ लागतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट सर्वांत कमी असते. नेमकं तेव्हा आईने त्या बाजूने चण्याची उसळ चावली तर?

तीन दिवसांच्या पद्धती खोट्या आहेत असं नाही. जबड्यात एकही दात नसताना अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडून लगेच दात बसवता येतात, कारण भार वाटला जातो. एकट्यादुकट्या मागच्या दाढेला तो आधार मिळत नाही, आणि मधुमेहाच्या रुग्णात घाई करायला काही कारणही नाही. किनारपट्टीच्या दवाखान्यांत नोव्हेंबर ते मार्चच्या सीझनमध्ये परदेशी पेशंट येतात. त्यांतले समजूतदार एका वर्षी स्क्रू बसवून जातात आणि पुढच्या सीझनला कॅप घालायला येतात. विमानाच्या तिकिटावर दातांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांची कामं मात्र नंतर कोणीतरी निस्तरत बसतो. तुमची आई तर डिचोलीतच आहे, तिला कुठलं विमान पकडायचंय?

पैशांचं. गोव्यात सध्या एका दाढेमागे, कॅप धरून, साधारण ३० ते ६० हजार रुपये पडतात. हाड भरावं लागलं तर वेगळे. आकडा तोंडी घेऊ नका, लिहून घ्या, आणि त्यात स्क्रू, त्यावरचा जोडभाग, कॅप आणि स्कॅन हे चारही आहेत का ते बघा. ‘इम्प्लांट फक्त १५ हजार’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा तो नुसता स्क्रू असतो. पहिल्या काही महिन्यांत इम्प्लांट धरलं नाही तर पुन्हा बसवायचे किती घेणार, हेही आधीच विचारा. न धरण्याचं प्रमाण कमी असलं तरी शून्य नसतं, आणि दहा वर्षांनी शंभरांतले नव्वदहून अधिक टिकतात हे आकडे नीट निवडलेल्या, नीट काळजी घेतलेल्या रुग्णांचे असतात.

आता कंपनी. स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअर महाग, ऑस्टेमसारख्या कोरियन कंपन्या मध्यम, आणि त्यांच्या खाली कितीतरी. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा टायटॅनियमचा स्क्रू आईच्या हाडात सारखाच धरेल, फरक पडतो तो पंधरा वर्षांनी जोडभागाचा छोटा स्क्रू ढिला झाला आणि त्याचा सुटा भाग हवा असला तेव्हा. म्हणून कंपनी चालू राहील अशी निवडा, आणि इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, ते मागून घ्या. आईच्या फाईलमध्ये चिकटवा, एक फोटो तुमच्या फोनमध्ये. बसवणारा डॉक्टर उद्या दुबईला गेला तरी पुढच्या डॉक्टरला अंदाज करत बसावं लागणार नाही.

डॉक्टर निवडताना पाटीपेक्षा एक गोष्ट बघा: कॅप बसवल्यावर दर सहा महिन्यांनी आई तिथे जाऊ शकेल का. मुलगा पुण्याला आहे म्हणून तिकडे काम करून घेतात आणि नंतर तपासणीला कोणी जात नाही, हे नेहमीचं. तीन मतांमध्ये गोंधळ झाला असेल तर बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा. डिचोलीहून कदंबाने पणजी आणि तिथून पुढची बस. सकाळी लवकर निघा, रांग असते. औषधांची सगळी फाईल, एचबीए१सीचा रिपोर्ट आणि जुना एक्स-रे असेल तर तोही बरोबर घ्या, आणि सलाईनचं औषध न विचारता पहिल्याच वाक्यात सांगा.

आईला हातात बारीक ब्रश धरवतो का, हेही बघा. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी बाटली धुण्याच्या ब्रशाच्या आकाराचा इवला इंटरडेंटल ब्रश रोज रात्री फिरवावा लागतो, योग्य मापाचा, तारेला प्लास्टिकचं वेष्टन असलेला. बोटं आखडत असतील तर पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र घ्या. ते शिकवायला कॅपच्या दिवशी दहा मिनिटं द्या असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, आणि आईबरोबर तुम्हीही आरशासमोर उभ्या राहून शिका.